लोखंडी पक्ष्याची शीळ

८ जाने., गुरुवार
धरणाचा दरवाजा उघडला!! आठ दिवस अडकलो होतो. भिंतीवरच्या माशांची तोंडं जिकडे, तिकडे चाकं फिरवायची, बस. पाणी खाली उतरलं आणि तळातून दगडी पायऱ्या निघाल्या. खुर्चीतून उठून टाळ्याच वाजवल्या. मनीषा स्वयंपाकघरातून पळत आली. "काय करून राहिले? काय झालं?"
"पायऱ्या सापडल्या!"
स्क्रीनकडे बघितलं आणि परत गेली. बायकोला कसं समजवू. या गेममध्ये कोणी मरत नाही, घड्याळ नाही, कोणी मागे लागत नाही. ओसाड बेट आणि आपण. कंपनीत आठ तास धागे तुटत असतात, इथे एका दारासमोर तासभर उभं राहिलं तरी चालतं.
सेकंड शिफ्ट. दोनला निघायचंय, जेवण राहिलंय.

९ जाने., शुक्र.
पायऱ्यांखाली घंटाघर. तीन घंटा: मोठी, मधली, छोटी. पिंजऱ्यात लोखंडी पक्षी, किल्ली दिली की शीळ घालतो. तीच धून घंटांवर वाजवली की दार उघडणार. सोपं!
मोठी, मधली, मोठी. नाही उघडलं.
छोटी घंटा नुसती हलते, आवाज नाही. शोभेची असावी.
पक्ष्याची चोच पाच वेळा उघडते. शीळ तीनदाच.

१० जाने., शनि.
हा गेम परेशभाईंनी लावून दिलेला. माझ्याच शिफ्टला आहेत, त्यांचा खेळून झालाय. चहाच्या सुट्टीत विचारलं. म्हणाले, "मला तर पाच आवाज आलेले, यार. तारा स्पीकर जो ने." म्हणजे, तुझा स्पीकर बघ.
स्पीकरच असणार. त्यांचाच घेऊन आलो. उद्या वीकली ऑफ!

११ जाने., रवि.
काय दिवस!
परेशभाईंचा स्पीकर लावला, तरी तीनच. मनीषा शेजारी तीळ निवडत बसलेली. म्हणाली, "ती शेवटची किती बारीक वाजते, नाही?"
"कोणती शेवटची?"
"अहो, पाचवी."
किल्ली पुन्हा दिली. तिने प्रत्येक आवाजाला बोट वर केलं. पाच बोटं. मग छोटी घंटा हलवली. "वाजून राहिली ना!" म्हणाली.
मोठी, मधली, छोटी, मोठी, छोटी. दार उघडलं!! दोघंही ओरडलो. पलीकडे तळं, तळ्यात होडी. म. ने ताट बाजूला ठेवलं, माऊस हातात घेतला. "थांबा, होडीत बसायच्या आधी ती खोली बघू." दोन तास उठली नाही. तिला असं कधी बघितलं नव्हतं.
जेवताना तिने विचारलं, "कधीपासून?"
"स्पीकर जुना…"
"स्पीकर नाही, अहो."

१२ जाने., सोम.
इथे तरी खरं लिहितो. दरवर्षी कंपनीत कानांची तपासणी असते. आवाज आला की बटण दाबायचं. आवाज सोडताना काचेपलीकडच्या बाईचा खांदा हलतो, तो हलला की मी दाबतो. दोन वर्षं असाच पास. कान गेलेल्याला मशीनवरून गोडाऊनला पाठवतात. चौदा वर्षं याच मशीनांवर आहे, कुठलं कधी बिघडणार ते हात लावून सांगतो. गोडाऊनमध्ये काय करू?
यंदाची तपासणी शुक्रवारी. म. ला अजून हे…
पण आज दोन कोडी सुटली! वही आता तिच्याकडे. आवाज ती लिहिते. "डावा पाइप: कुकरची शिटी व्हायच्या आधीची सूं." "चौथा खांब: डास." मी वाचतो आणि चाकं फिरवतो. भन्नाट चाललंय.

१४ जाने., बुध.
संक्रांत. सुट्टी. सगळा टोकरखाडा, आमची अख्खी वस्ती, गच्चीवर, पतंग. आम्हीही तिळगूळ घेऊन वर. अर्ध्या तासाने म. हळूच म्हणाली, "दीपगृहाचा जिना राहिलाय ना?" खाली आलो!! जिना सापडला.
तेव्हाच तिला खांद्याचं सांगितलं. म्हणाली, "शुक्रवारी डोळे मिटून बसा." रागावली नाही. की रागावली, कळलं नाही.

१६ जाने., शुक्र.
खुर्चीच फिरवून बसलो. बाई म्हणाली, "भाईसाब, मुँह इधर." म्हटलं, "ऐसे ही ठीक है."
ऐकू आलं तेव्हाच दाबलं. मधे मधे इतकी शांतता, आणि मला माहीत होतं की त्या शांततेत काहीतरी वाजतंय. नंतर तिने कागद दोनदा बघितला. "पिछले साल तो नॉर्मल था?" सांगून टाकलं. तिने पेनाने कागदावर काहीतरी लिहिलं.
सोमवारी डॉक्टर बोलावणार. शिफ्ट नीट झाली. एकही धागा सुटला नाही.

१८ जाने., रवि.
उद्या अकराला डॉक्टर. गोडाऊन, की मशीन, की कानातलं यंत्र, काही माहीत नाही. म. येणार आहे, नको म्हटलं तरी.
आता दुपारचे तीन. दीपगृहाच्या टोकावर पोचलो!! वर दिवा नाहीच, भिंतीत नुसता एक मोठा कर्णा. मला काही ऐकू येत नाही. म. म्हणते कोणीतरी बोलतंय. सगळ्या बेटावर पहिल्यांदा माणूस!
"काय म्हणतोय?"
तिने डोळे मिटलेत, हात वर केलाय, गप्प बसा म्हणून. मी पेन धरून बसलोय.