हातातून हातात

३ मार्च १९८७
मांजरी सोडून बिबवेवाडीत आलो एकदाचा. मकबूलचाचांच्या सुतारकारखान्यात नोकरी, वर पोटमाळ्यावर आम्हा नवरा-बायकोचं बिऱ्हाड. तुळजाने आल्या आल्या स्टोव्ह पेटवून जागा आपलीशी केली. चाचांचे हात थरथरतात, म्हणून त्यांची हातात धरून चालवायची विजेची गोल करवत आता माझ्याकडे. जुनं धूड, पण ओली बाभूळही तिला अडवत नाही. इथे धारेची वस्तू कुणी हातातून हातात देत नाही. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. चाचांनी मात्र सरळ माझ्या हातात दिली. मी मनातल्या मनात फुगलो.

९ मार्च
माप न घेता चौकट कापली, सूतभरही चुकली नाही. करवत चालू असली की मी कधी न केलेली कामं आठवतात: हडपसरचा एक दरवाजा, कुणाचा तरी पाळणा. तुळजा म्हणते, इतके हुशार कधीपासून झालात?

१४ मार्च
आज वेगळंच आठवलं. फळीचं दुसरं टोक धरलेला बाईचा हात, काचेच्या बांगड्या, आणि चाचांचा आवाज, "नीट धर." मग पातं तिकडे वळतं. मी घाबरून खटका बंद केला.
दुपारी अमिनाबी, चाचांच्या बायको, चहा घेऊन आल्या. पदराखालचा डावा हात प्रथमच दिसला. तो मनगटाशी संपतो.

१५ मार्च
करवत परत करायला गेलो. चाचांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.
"खाली ठेवली असती तर नुसती करवत गेली असती, संपत. आठवण हातातूनच जाते. तीस वर्षं रोज तेच बघत होतो. थकलो रे."
ते रडत होते. मला दयाही आली आणि किळसही.

१७ मार्च
करवत पेटीत घातली, किल्ली तुळजाला दिली. का, ते सांगायला गेलो. तोंडातून एकच निघालं — "नीट धर." दहादा प्रयत्न केला. दहाही वेळा तेच.

१९ मार्च
डाव्या हाताने लिहितोय. उजवा माझा नाही. त्यानेच खुणेने किल्ली मागितली — तिने हसत दिली.
त्याच्याच खुणेवरून आता ती फळीचं टोक धरून उभी आहे. म्हणते, अहो, लिहीत काय बसलात, हात भरून आले माझे.
वही दाखवली. तिला वाचता येत नाही —
खटका —
तुळजा, सोड ती फ