बेटावरचा पांढरा मोर

प्रिय सुखदाताई, नमस्कार.

मी सुखरूप आहे, जेवतेही वेळेवर. तिकडे घरी, टूनगॅबीत, थंडी वाढली का? आईचे गुडघे कसे आहेत?

काल यतिनबरोबर बोटीने इटलीतल्या तळ्यातली बेटं पाहिली. एका बागेत पांढरे मोर मोकळे फिरत होते. एक मोर फोटोसाठी पिसारा फुलवेना, म्हणून यतिनने त्याचं पीसच उपटलं. मोर किंचाळला, हा हसला. "नो वरीज, परत उगवेल," म्हणत ते माझ्या केसांत खोचायला लागला.

ताई, अशी शिसारी आली! साखरपुड्याची अंगठी त्याच्या हातात ठेवली आणि एकटीच बोटीत बसले. हॉटेलवर येऊन दोनदा केस धुतले.

लग्नाचा हॉल रद्द कर. आईला तूच सांग, पण मी रडले हे सांगू नकोस.

तुझी,
मयूरा