लाल फुलीखालचा माझा फोटो

दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५

प्रति,
श्री. कैलास बाळाजी सोनटक्के,
पर्यवेक्षक,
ओळख दस्तऐवज सुविधा केंद्र, बदलापूर (पूर्व).

अर्जदार : सौ. काशी हरिचंद्र मढवी, वय ५८, रा. वांगणी, ता. अंबरनाथ, जि. ठाणे.

विषय : आपल्याविरुद्धची तक्रार मागे घेण्यास नकार देणे व काढून टाकलेला फलक पुन्हा लावणे याबाबत.

संदर्भ : आपण गेल्या रविवारी माझ्या घरी येऊन केलेली तोंडी विनंती.

महोदय,

आपण रविवारी उत्तर मागितले होते. ते तोंडी दिले असते, पण माझ्या तोंडाविषयी आपले मत जगजाहीर असल्यामुळे लेखी देत आहे. मी जुनी सातवी शिकलेली आहे. शुद्धलेखन शेजारच्या जिज्ञासाने तपासले आहे. "काकी, जरा सौम्य करू का?" असे तिने विचारले होते. मी नको म्हटले.

१. दोन वर्षांपूर्वी मला चेहऱ्याचा लकवा झाला. डावा गाल खाली आला, ओठ उजवीकडे ओढले गेले आणि डावा डोळा पूर्ण मिटेनासा झाला. त्याआधी मी आमच्या आगरी समाजात धवलारीण होते. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतचे विधी गाऊन लावते ती धवलारीण. वांगणी, शेलू, बदलापूर या भागातल्या कित्येक पोरी माझ्या गाण्यावर बोहल्यावर उभ्या राहिल्या. आता ओठ मिटत नाहीत म्हणून प, ब, म नीट उमटत नाहीत, आणि त्या अक्षरांशिवाय धवल्याचे गाणे होत नाही. लोकांनी बोलावणे बंद केले. त्याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. आजार देवाने दिला. फुली आपण मारलीत.

२. माझी मुलगी किर्ती मस्कतला असते. जावई प्रज्वल तिथल्या बंदरात क्रेन चालवतात. लग्नानंतर सात वर्षांनी तिला दिवस राहिले. तिच्या सासूबाई हयात नाहीत. "आई, तू ये," एवढेच ती म्हणाली. पासपोर्टचे कागद व फोटो तपासून पुढे पाठवण्याचे काम आपल्या केंद्राकडे असल्याने मी जून महिन्यात आपल्यासमोर येऊन बसले.

आपण फोटो पाहिलात आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "आजी, हसू नका. नियमात बसत नाही."

मी म्हटले, "मी हसत नाही, साहेब."

आपण म्हणालात, "मग काय करताय?"

रांग हसली. आपण फोटो परत दिलात. कारणाच्या रकान्यात लिहिलेत, "हावभाव तटस्थ नाहीत."

३. यजमान मला उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका फोटो स्टुडिओत घेऊन गेले. तिथले शेठ नानकभाई सिंधी गृहस्थ, मनाने चांगले. "अम्मा, टेन्शन नको, दो मिनट में सीधा करतो," म्हणाले. त्यांनी कॉम्प्युटरवर माझा उजवा गाल उलटा करून डावीकडे बसवला. फोटो हातात आला तेव्हा मी तो बराच वेळ पाहत राहिले. ती मीच होते, लकव्याच्या आधीची. यजमानांनी तो चष्मा लावून पाहिला, मग चष्मा काढून पाहिला आणि खिशात ठेवला. एक प्रत आजही त्यांच्या पाकिटात आहे.

आपण तो फोटो पाहून म्हणालात, "ही बाई तुम्ही नाही. ही फसवणूक आहे. पोलीस केस होऊ शकते."

यात आपले चुकले असे मी म्हणत नाही. फोटो खोटाच होता. पण पहिला फोटो खरा होता तेव्हा आपण तो नाकारला होता. खरा चेहरा चालत नाही आणि खोटा लावला तर गुन्हा, तर माझ्यासारख्या बाईने काय करावे, हे मी आपल्याला विचारले. आपण पुढच्या माणसाला बोलावलेत.

४. तिसरा प्रयत्न सांगायला लाज वाटते, तरी चौकशीच्या कामी लागेल म्हणून सांगते. वांगणीच्या स्टुडिओत पांढऱ्या पडद्यामागे यजमान उभे राहिले आणि पडद्याच्या फटीतून हात घालून त्यांनी माझा डावा गाल कानामागून वर ओढून धरला. तोंड बऱ्यापैकी सरळ आले. मात्र कानाखाली त्यांचा अंगठाही आला.

आपण फोटो मोठा करून कॉम्प्युटरच्या पडद्यावर सगळ्यांना दाखवलात. "आजी, हा अंगठा कोणाचा?"

मी म्हटले, "आमच्या यजमानांचा."

त्या वेळी मलाही हसू आले हे खरे आहे. हसले की माझे तोंड जास्तच ओढले जाते. आपण बोट दाखवून म्हणालात, "बघा, बघा, आता खरंच हसताहेत." यजमान भिंतीपाशी उभे होते. त्यांनी अंगठा मुठीत लपवला. चाळीस वर्षे भेंडी-काकडीचा मळा करणारा माणूस मी कधी असा उभा राहिलेला पाहिला नव्हता. त्या दिवसापासून आपला मला राग आहे. त्याआधी फक्त भीती होती.

५. सप्टेंबरमध्ये किर्तीचे सिझेरियन झाले. मुलगी झाली. जावयांना एकच दिवस सुटी मिळाली. दुसऱ्या दिवशी किर्तीचा फोन आला. ती रडत म्हणाली, "आई, टाके दुखतायत. बाळाला उचलून हातात द्यायला पण कोणी नाय गो." मी इकडे वांगणीत मोबाईल हातात धरून बसले होते. मला बाळाचे रडणे ऐकू येत होते आणि मी नुसती "उगी, उगी" करत होते. पाचवीची पूजा मी मोबाईल पाटावर उभा करून केली. गाणे म्हणायला घेतले, पण शब्द उमटेनात. किर्तीला वाटले नेटवर्क गेले.

६. ऑक्टोबरमध्ये माझी नणंद पुतळाबाई आपल्या केंद्रात गेली. आल्यावर चप्पल न काढताच म्हणाली, "वयनी, तुजा फोटू लावलाय गो त्यांनी, वरशी लाल फुली मारून!"

मी दुसऱ्या दिवशी येऊन पाहिले. दरवाजासमोरच मोठा फलक होता. डाव्या बाजूला "फोटो असा असावा" आणि खाली एक गोरी, नीटस मुलगी. उजव्या बाजूला "फोटो असा नसावा" आणि खाली माझा जूनमधला, खरा फोटो. त्यावर या कानापासून त्या कानापर्यंत लाल फुली. खाली मोठ्या अक्षरांत : "वाकडे तोंड चालणार नाही."

मी फलकासमोर उभी होते. लोक फलकाकडे बघत होते, मग माझ्याकडे बघत होते. एका बाईने आपल्या मुलाचे डोळे हाताने झाकले, जणू मी काही अभद्र आहे.

मी आत येऊन आपल्याला फलकावरचा फोटो काढून टाकायला सांगितले. आपले उत्तर मी जसेच्या तसे देते : "आजी, नाव थोडंच लिहिलंय? कोण ओळखणार?"

महोदय, ओळखपत्राच्या कार्यालयात बसून आपण मला सांगितलेत की फोटोवरून माणूस ओळखता येत नाही.

मला सगळ्यांनी ओळखले. पुतळाबाईने तो फलक संतापाने मढवी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला होता. तिथून तो कुठे कुठे गेला ते देवाला ठाऊक. वांगणी स्टेशनबाहेर मी भाजी घेऊन बसते, तिथे पोरे येताजाता "चालणार नाही!" असे ओरडू लागली. गिऱ्हाईके भाव करतानाही तेच म्हणू लागली. मी काकडीचा भाव सांगितला की, "चालणार नाही." एका लग्नघरातून हळदीचे निमंत्रण आले होते, नुसते जेवायला, गायला नव्हे. त्यांनीही निरोप पाठवला, की काकीने दगदग करू नये. महिनाभर मी स्टेशनकडे गेले नाही. भाजी यजमान नेत होते.

७. त्यानंतर मला कोणीतरी सांगितले, की आजाराने चेहरा वाकडा झाला असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडला की आहे तसा फोटो चालतो. नियमच आहे. तो आपल्या टेबलावरच्या पुस्तकात आहे आणि पहिल्या दिवसापासून आपल्याला माहीत होता. सांगणारी व्यक्ती कोण हे मी चौकशीतही सांगणार नाही, आपण शोधू नये.

मी सरकारी दवाखान्यातून दाखला घेतला आणि थेट ठाण्याच्या वरिष्ठ कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी दाखला वाचला. "ताई, बसा. समोर बघा. जसा आहे तसा ठेवा चेहरा," म्हणाल्या. एकदाच फोटो काढला. मी विचारले, "चालेल?" त्या म्हणाल्या, "तुमचा चेहरा आहे, न चालायला काय झालं?" मी त्यांच्या टेबलावर डोके टेकून रडले. त्यांनी रडू दिले.

जानेवारीत पासपोर्ट आला. त्यात माझे तोंड वाकडे आहे आणि भारत सरकारला ते चालले आहे.

८. आता मी काय केले ते. आपल्याविरुद्ध तक्रार केली, त्याची चौकशी येत्या सोमवारी आहे. याशिवाय आणखी एक अर्ज केला, तो कोणी केला हे बहुधा आपल्याला ठाऊक नसावे. आपल्या गळ्यातल्या ओळखपत्रावरच्या फोटोत आपल्या डोक्यावर दाट केस आहेत आणि मिशी आहे. हल्ली दोन्ही नाहीत. "फोटो सध्याच्या चेहऱ्याशी जुळला पाहिजे" असे आपल्याच भिंतीवर लिहिले आहे. ते मी वर कळवले. रविवारी आपण माझ्या ओट्यावर बसून म्हणालात, "मावशी, माझे दिवस वाईट आहेत. माझाच फोटो दोनदा परत आला. चष्म्यावर उजेड पडतो म्हणतात." हे ऐकून मला फार आनंद झाला. तो मी तेव्हा दाखवला नाही, इथे नोंदवते. मी आपल्याला पाणी दिले. चहा मुद्दाम दिला नाही.

आपण म्हणालात की फलक काढून फाडून टाकला आहे, आपली बढती अडकली आहे, आपल्यालाही मुलेबाळे आहेत. आपण वाकून माझ्या पायांना हात लावलात. आपण गेल्यावर यजमान म्हणाले, "जाव दे गो काशे. पाया परलाय तो." यजमान भले आहेत. आपण ठेवून गेलेल्या डब्यातला एक पेढाही त्यांनी खाल्ला. उरलेला डबा या अर्जासोबत परत करत आहे.

रात्रभर विचार केला. पायांना हात लावताना आपण माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिले नाहीत. म्हणून माझे उत्तर नाही असे आहे. तक्रार मागे घेणार नाही.

९. तसेच माझी मागणी अशी की फलक तिथेच, त्याच मापाचा पुन्हा लावावा. गुपचूप काढलेला फलक मला मान्य नाही. लावला तेव्हा गावाने पाहिला, मग काढला तेव्हा कोणी का पाहू नये? नव्या फलकावर "फोटो असा असावा" याखाली माझ्या पासपोर्टमधला फोटो असावा. आजारी माणसासाठी नियम काय आहे तो मोठ्या अक्षरांत असावा. खाली माझे नाव व गाव असावे, कारण नाव नसले तर कोणी ओळखत नाही असे आपले मत आहे. तो आपण स्वतः, कामाच्या वेळेत, रांग भरलेली असताना, स्टुलावर चढून लावावा. यजमान समोर उभे राहतील आणि सरळ लागला की नाही ते सांगतील. उजवी बाजू मोकळी ठेवावी. तिथे कोणाचाही फोटो लावू नये, आपलासुद्धा. आपला लावावा असे सुचवावेसे मला वाटले होते, पण एखाद्याच्या तोंडावर फुली मारणे मला जमणार नाही.

हे आपण केलेत तरी सोमवारी मी जे घडले ते सगळे सांगणार आहे. त्यामुळे बढतीच्या आशेने करू नये.

१०. सोमवारची चौकशी आटोपली की त्याच आठवड्यात गुरुवारी मी मस्कतला जाते आहे. नात पाच महिन्यांची झाली. अजून तिला हातात घेतलेले नाही. रोज संध्याकाळी किर्ती तिला मोबाईलसमोर धरते. गेल्या आठवड्यापासून ती मला पाहिले की आपले इवलेसे तोंड उजवीकडे ओढते आणि खिदळते. किर्ती पहिल्यांदा घाबरली, डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, बाळ ठणठणीत आहे, कोणाची तरी नक्कल करते आहे. तिला वाटते माणसे अशीच हसतात.

पुढच्या वर्षी ती इकडे येईल, तेव्हा तिचेही कागद करावे लागतील. मी दुसऱ्या कुठल्याही केंद्रात जाणार नाही, तिला कडेवर घेऊन आपल्याच केंद्रात येईन. ती कॅमेऱ्याकडे बघेल, मग माझ्याकडे बघेल आणि तोंड वाकडे करून हसेल. त्या वेळी त्या खुर्चीत आपण बसलेले नसावे, यासाठी जे जे करता येईल ते सर्व मी करणार आहे.

कळावे.

आपली,
("नम्र" हा शब्द या वेळी लिहिलेला नाही, नजरचुकीने राहिला असे समजू नये.)

(सही)
काशी हरिचंद्र मढवी

प्रत माहितीसाठी : चौकशी अधिकारी, ठाणे.