गळ्याची उजवी कड

३ नोव्हेंबर
सकाळी कौसल्याबाई. सहा किलोमीटरवरच्या गावात अंगणवाडी सेविका, वय अठ्ठेचाळीस. दर दोन वर्षांनी पासपोर्ट फोटोला मुरुमला माझ्याकडंच येतात, कुठला ना कुठला फॉर्म असतो. या वेळी मोठा फोटो हवा. उमरग्याला सत्कार आहे, फ्लेक्सवर छापायचाय.
पासपोर्टचा सपाट उजेड नको म्हणून दोन्ही छत्र्यांचे दिवे बंद केले. एकच सॉफ्टबॉक्स, कापडाआडचा मऊ दिवा, डावीकडून, डोळ्यांच्या वर. पन्नासची लेन्स काढून पंच्याऐंशीची लावली. मागं सरकता येतं, नाक फुगत नाही. उजेड परतवणारा उजवीकडचा थर्माकोल काढला. अर्धा चेहरा सावलीत गेला आणि एकदम माणूस दिसायला लागलं.
हनुवटी खाली घ्या, खांदा तिकडं करा, असं चाललं होतं.
"दादा, सत्कार हाय. लगीन न्हाय लावायचं माझं."
स्वतःच हसल्या. ती फ्रेम चांगली आली.
उजव्या बाजूला, जबड्याच्या सावलीत, गळ्यावर एक उजळ ठिपका. रुपयाएवढा. पदराची घडी असेल. पदर सरकवायला सांगितला. ठिपका तिथंच. दिवा हातभर पुढं घेतला. ठिपक्याची कड फिरली.
डागाची कड फिरत नाही. दिव्याबरोबर फिरते ती गोल वस्तूची.
शनिवारी फोटो न्या, एवढंच म्हणालो.

४ नोव्हेंबर
एकापाठोपाठ घेतलेल्या अकरा फ्रेम. सातवी आणि आठवी घेताना त्यांनी आवंढा गिळला असणार. सातव्या फ्रेममध्ये तो उजळ गोल अर्ध्या गळ्यावर. आठवीत वर. नववीत परत खाली. कातडीवरचं काही आवंढ्याबरोबर असं हलत नाही, हे आत आहे.
मागं-पुढं करत बसलो. वर, खाली.
जेवताना बायकोच्या, शैलाच्या गळ्याकडं पाहत होतो. काय लागलंय का, म्हणाली, आणि पदरानं गळा पुसून घेतला.

५ नोव्हेंबर
जुनी हार्डडिस्क काढली. कौ.बाईंच्या दोन फायली सापडल्या. प्रत्येकीच्या दोन प्रती, कच्ची आणि दिलेली.
चार वर्षांपूर्वीची कच्ची: पांढरा पडदा, गळ्याच्या दोन्ही कडा सारख्या.
दोन वर्षांपूर्वीची कच्ची: उजवी कड बाहेर आलेली. थोडीच, करंगळीच्या पेराएवढी. दिलेल्या प्रतीत ती सरळ आहे.
मीच केली. आठवतही नाही. गळा साफ करणं ही दुकानाची सवय. सुरकुती, मंगळसूत्राचा काळा वण, जाडी. गिऱ्हाईक मागत नाही, आपणच देतो. माऊसनं कड धरायची, आत ढकलायची.
म्हणजे त्या दिवशी मी ती पाहिली होती. पाहिल्याशिवाय ढकलता येत नाही.

६ नोव्हेंबर
शै.ला सांगितलं. म्हणाली, तुम्ही एम. ए. झालात, डॉक्टर नाही. मग तिला तीन फ्रेम दाखवल्या. तिनं दोनदा मागं-पुढं करून पाहिल्या. म्हणाली, त्यांना एकट्यांनाच सांगा, दुसऱ्या कुणाला नको. शनिवारी मी दुकानात येऊन बसते.
कसं सांगायचं. सहा वर्षं कॉलेजात तासिकेवर मराठी शिकवलं, एक वाक्य जुळत नाही. 'ताई, तुमच्या गळ्याला' इथपर्यंत येतं, पुढं…
भीती दोन आहेत. एक त्यांच्यासाठी. दुसरी स्वतःसाठी: फोटोवाला बायकांचे गळे न्याहाळतो असं एकदा पेठेत झालं, की कोण आपली लेक माझ्या स्टुलावर बसवेल? दुसरी लहान आहे हे कळतं. पण सकाळी जाग आल्यावर तीच आधी आठवते.

८ नोव्हेंबर
शै. दिवसभर दुकानात. कौ.बाई आल्या नाहीत. चार वाजता फोन लावला. पुरुषाचा आवाज. ठेवून दिला.
ठेवायला नको होता.

९ नोव्हेंबर
चूक केली.
त्यांच्या नंबरवर तीन फोटो पाठवले. सातवी फ्रेम, आठवी, आणि दोन वर्षांपूर्वीचा कच्चा. नीट दिसावं म्हणून गळ्यापुरते कापून. खाली लिहिलं, 'ताई, हे डॉक्टरांना दाखवा.' पाठवल्यावर स्वतःच उघडून पाहिलं. चेहरा नाही, नुसता गळा, मंगळसूत्र, पदर बाजूला सरकवलेला. तो मीच सरकवायला सांगितला होता.
काढून टाकेपर्यंत दोन निळ्या खुणा.
उत्तर नाही. शै.ला सांगितलं नाही. आज रविवार. रविवारी बाईचा फोन घरात कुणाच्या हातात असतो, हे मला कळायला हवं होतं.

१० नोव्हेंबर
अंकुशराव आले, कौ.बाईंचे मालक. शेरडं राखतात, थोडी शेती. यापूर्वी एकदाच पाहिलेले. दारात उभे राहिले, चपला काढल्या नाहीत. आत एक जोडपं होतं, तान्ह्याचा पहिला फोटो काढायला आलेलं. ते परत येतो म्हणून निघून गेले.
"बाईमानसाच्या गळ्याचं फोटू काढायला तुमाला कुनी सांगितलं व्हतं?"
आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी इतका घाबरलो नसतो. हातात काठी होती. शेरडं राखणाऱ्याच्या हातात असतेच, पण मी काठीकडंच बघत होतो.
बसा म्हणालो. बसले नाहीत. स्क्रीन त्यांच्याकडं फिरवली. चार वर्षांपूर्वीचा, दोन वर्षांपूर्वीचा, आत्ताचा, तिन्ही कच्चे, शेजारी शेजारी. माऊसचा बाण स्क्रीनभर हिंडत होता.
ते चपलांसकट आत आले. वाकले. मधल्या फोटोवर, उजव्या कडेवर बोट ठेवलं.
"ह्ये कधीचं?"
दोन वर्षांपूर्वीचं, म्हणालो.
"घरी हाय की ह्यो फोटू. त्यात न्हाय ह्ये."
"मी काढून टाकलं होतं."
बोट तिथंच राहिलं. मला वाटलं आता काठी.
"म्हंजी तुमाला दिसलं व्हतं."
ते सरळ झाले, पायांकडं पाहिलं, दाराबाहेर जाऊन चपला काढल्या, परत आत आले आणि स्टुलावर बसले. गिऱ्हाइकाच्या. पाणी दिलं, घेतलं. उद्या तिला घेऊन येतो म्हणाले.

११ नोव्हेंबर
दोघं आली. शै. होती. कौ.बाईंना स्क्रीन दाखवायला लागलो तर त्यांनी नीट पाहिलंच नाही.
"मला म्हाईत व्हतं की, दादा."
शै.नं विचारलं, मग डॉक्टरकडं का नाही गेलात?
"आरशात दिसायचं. हाताला लागायचं. पन दादांच्या फोटूत न्हवतं. म्हनलं, आरशापरास मशीन खरी. आपल्याच मनाचं काय तरी."
माझ्यावर राग नव्हता. शेजारणीला भाजीचं सांगावं तसं सांगत होत्या. शंका आली की पाकिटातून फोटो काढून गळ्याकडं बघायच्या आणि बरं वाटायचं, म्हणाल्या.
अंकुशराव छताकडं बघत होते. मी दिव्यांच्या वायरी गुंडाळत बसलो. गुंडाळलेल्याच होत्या.
साडेअकराच्या गाडीनं तिघं उमरग्याला गेली. शै. स्वतःहून निघाली. मला कुणी चला म्हटलं नाही.

१२ नोव्हेंबर
डॉक्टरांनी हात लावून पाहिलं. पाणी प्यायला लावून पाहिलं. सोनोग्राफी झाली. आता सोलापूर, तिथं सुई घालून आतलं काढतात आणि तपासतात. शै. म्हणाली, गाठ किती दिवसांपासून आहे असं डॉक्टरांनी विचारलं, तर कौ.बाईंनी पिशवीतून माझे पासपोर्ट फोटो काढून त्यांच्या पुढं ठेवले. डॉक्टर म्हणाले, यात तर काहीच नाही.
शै.नं सांगितलं त्यांना. सगळं. माझं नाव घेऊन.
बरोबर केलं. तरी तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोललो नाही.

१५ नोव्हेंबर
गिऱ्हाइकं तीन. तिघांचे गळे आधी पाहिले, मग डोळे. एक म्हातारा पेन्शनच्या फोटोला आला होता. छत्र्या लावायच्या सोडून त्याच्यावर बाजूनं दिवा टाकला, गरज नसताना. 'अर्धं तोंड काळं का आलंय?' म्हणाला. परत काढून दिला.
दोन्ही छत्र्या लावल्या की कुणालाच काही झालेलं नसतं.
हार्डडिस्कवर नऊ वर्षांतली माणसं आहेत. उघडायची भीती वाटते. न उघडायची जास्त.

१७ नोव्हेंबर
डिस्क उघडली. चाळीस-एक फायली पाहून बंद केली. सगळ्यांच्याच गळ्यात काहीतरी दिसायला लागलं. एका मुलीची कॉलर होती. एकाचा कंठ, पुरुषाला असतो तो. डोळे आता कामाचे राहिलेले नाहीत. शैला म्हणाली, रोज दहा बघा. तिला काय जातंय सांगायला.

१८ नोव्हेंबर
सत्कार झाला. फोटो मी दिला होता, ती हसतानाची फ्रेम, गळ्याला हात न लावता. फ्लेक्सवाल्यानं जागा पुरेना म्हणून हनुवटीपासून कापला आणि खाली नाव टाकलं. अंकुशरावांनी फ्लेक्सचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नाही.
कौ.बाई गेल्या होत्या. गळ्याभोवती पदर घेऊन बसल्या, म्हणे. भाषणात कुणीतरी त्यांना 'आज गप्प गप्प' म्हटलं. सेविका बायका हसल्या, कारण कौ.बाई कधी गप्प नसतात.

२१ नोव्हेंबर
सोलापूर. सुई टोचून झाली. दुखलं नाही म्हणाल्या, सुई लांब होती ते मात्र दोनदा सांगितलं. रिपोर्ट आठवड्यानं.
अंकुशराव रोज सहाच्या सुमाराला फोन करतात. काय म्हणता, विचारलं की म्हणतात, काय न्हाय, असंच. शेरडांचा आवाज येत राहतो. आम्ही दोघंही फोन ठेवत नाही. आज त्यांनी विचारलं, बरं होणारं दिसतं का हो उजेडात? नाही म्हणालो. मग काय दिसतं? म्हणालो, बाहेर आलेलं आणि आत गेलेलं, एवढंच.
"मग आमच्या शेळीला बी तेवढं दिसतं," म्हणाले. हसले बहुतेक.

२५ नोव्हेंबर
काही नाही. कामाला मन नाही. पडदा धुतला.

२८ नोव्हेंबर
दुकान उघडायला गेलो तर पायरीवर दोघं. रिपोर्ट काल आला. डॉक्टर आज पाचला भेटणार आहेत. अंकुशराव एकटेच आत आले, लिफाफा टेबलावर ठेवला.
"तवर दम न्हाय निघत. तुमी वाचा, सर."
मला यातलं कळत नाही म्हणालो.
"पहिलं कळलं व्हतं की."
टोमणा होता का ते समजलं नाही. लिफाफा फाडला. दोन पानं, इंग्रजी. नाव, वय, बाजू: उजवी. निष्कर्ष दुसऱ्या पानावर तळाशी, तीन ओळी. मी कॅन्सरचा शब्द शोधत होतो. तो नव्हता. 'नाही' असंही कुठं लिहिलेलं नव्हतं. मिळालेल्या पेशींवरून ठरवता येत नाही, तपासणी पुन्हा करावी, असं काहीसं. तीनदा वाचलं. दिवा लावून चौथ्यांदा.
"काय हाय?"
"नक्की सांगता येत नाही म्हणतात. पुन्हा सुई घालावी लागेल."
"म्हंजी वाईट न्हाय."
"तसंही लिहिलेलं नाही."
ते टेबलाची कड धरून उभे. कागदाकडं नाही, माझ्याकडं बघत होते.
"सर, ह्यातलं काय काढून टाकून सांगत न्हाय न्हवं तुमी?"
"न्हाय."
"बगा हां."
कागद त्यांच्या हातात दिले. त्यांना वाचता येत नाहीत तरी त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, घडी घातली, खिशात ठेवले. मग खिशातून काढून परत माझ्याकडं दिले: तिला बी तुमीच सांगा.
बाहेर आलो. कौ.बाई पायरीवर बसलेल्या, मांडीवर पिशवी. ऊन बाजूनं येत होतं. त्या वळल्या आणि मी काही बोलायच्या आत माझा चेहरा वाचायला लागल्या. तो कसा ठेवावा ते मला कळेना.