टाचण्यांवरचा पोशाख

प्रिय सविला,

तुझं पत्र मार्जने आणून दिलं. ती बाहेरची, आपल्या पंथाची नाही; तिच्या मोटारीतून मी बाजाराला जाते, म्हणून तिचं येणं कुणाच्या डोळ्यावर येत नाही. वाळीत टाकलेल्या बहिणीच्या, म्हणजे तुझ्या, हातून मला काही घेता येत नाही, पण मार्जच्या हातून येतं. बिशपांनी मार्जचा विचार केलेला दिसत नाही. पाव फुगायला ठेवलाय, इनस शेतात खत पसरतोय, तेवढ्यात लिहून घेते.

तर तू आता सिनेमाचे कपडे शिवतेस, आणि सिनेमा आपल्याच घोडागाडीवाल्या पंथावरचा, त्यात खून. आई असती तर म्हणाली असती, "पोरीला शिवण शिकवलं ते ह्यासाठी?" आणि मग हळूच विचारलं असतं, टाके तरी बारीक घालतेस ना. तू पाठवलेला त्या नटीचा फोटो पाहून मला हसू आलं. अगं, लग्न न झालेल्या पोरीला रविवारच्या उपासनेला पांढरी टोपी? काळी हवी. आणि छातीवर टाचण्यांऐवजी चक्क बटणं. बाहेर राहून इतकं विसरलीस की काय? नमुन्याला खरा पोशाख मिळेल का, असं तू विचारलंस. मिळेल. त्याचं शेवटी सांगते.

इथली बातमी एकच. माझी बार्बरा सोमवारपासून माहलोनकडे कामाला जायची आहे. माहलोन म्हणजे माझा थोरला दीर, इनसचा भाऊ. बायको गेल्यापासून त्याच्या घराला घरपण राहिलं नाही, पोरं लहान, म्हणून नात्यातली मुलगी मदतीला हवी. आपल्याकडे ह्यात नवल काही नाही. तू आणि मीसुद्धा लग्नाआधी अशीच दुसऱ्यांची घरं सांभाळली. बार्बरा खुशीत आहे, पेटी भरून बसलीय, त्या पोरांना कुठली गाणी शिकवायची तेही ठरवून झालंय. आणि मी सोमवारपर्यंतचे दिवस मोजतेय.

तुझा दिग्दर्शक विचारतो ना, खून झाल्यावर ही सगळी माणसं गप्प का बसतील, भीतीने का? त्याला सांग, भीतीने नाही, क्षमेने.

बार्बराच्या आधी माहलोनकडे लिडियान होती, लांबच्या वस्तीवरची. हसरी पोर, हाताला चलाख. बर्फ वितळायच्या सुमारास ती त्याच्या तळ्यात सापडली. काठावरून घसरली, असं त्याने सांगितलं. पोलिसांचा शेरीफ आला, टोपी काढून उभा राहिला, हळहळला, कॉफी पिऊन गेला. पुढे एका रविवारी उपासना संपल्यावर बाप्तिस्मा न झालेल्या सगळ्या पोरासोरांना बाहेर पाठवलं. बार्बराही त्यांच्यात होती. खिडकीतून तिचं हसणं मला आत ऐकू येत होतं. आत माहलोन गुडघ्यांवर बसला आणि तोंड झाकून म्हणाला, "रागाच्या भरात मी तिला ढकललं." कशाचा राग, ते कुणी विचारलं नाही. वाळीत म्हणून काही आठवडे तो वेगळ्या टेबलावर जेवला. मग बिशपांनी हात धरून त्याला उठवलं, क्षमेचं चुंबन दिलं, आणि गोष्ट संपली. लिडियानची आई त्याच्यासाठी नूडल्सचं पातेलं घेऊन आली होती. ते मीच तिच्या हातातून घेतलं, पण तिच्या तोंडाकडे बघवलं नाही.

क्षमा झालेलं पाप जो उकरून काढतो, त्याच्या माथी ते बसतं, हे तुला ठाऊक आहे. बाहेरच्यांना सांगायचं नाही आणि बाप्तिस्मा न झालेल्यांनाही नाही. म्हणजे ज्या घरात माझी पोर राहायला चाललीय तिथे काय घडलं, ते तिलाच सांगायचं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

आता टाचण्यांचं. तळ्यातून काढल्यावर लिडियानला घरात उचलून नेणाऱ्या बायकांत मी होते. तिच्या अंगावर गोधडी घालताना पाहिलं, छातीवरच्या पट्ट्याला पुढची एकही टाचणी नव्हती. मागच्या सगळ्या जागच्या जागी होत्या. सविला, पाणी टाचण्या काढत नाही. माहलोनने कबूल केलं ते ढकलण्याचं. त्याच्या आधीचं त्याने कबूल केलंच नाही, मग त्याची क्षमा कुणी आणि कधी केली?

हे मी इनसला बोलले. तो जोड्यांचा चिखल काढत होता. तसाच म्हणाला, "आपलेच दात, आपलेच ओठ. देवाने माफ केलं, आणि तू कोण लागून गेलीस?" बिशपांकडे गेले, तर ते प्रेमाने म्हणाले, "मलिंडा, पोरीला पाठवायला नाही म्हणतेस म्हणजे तुझ्या मनात अजून क्षमा नाही. मग गुडघ्यांवर तुलाच बसावं लागेल." बसले असते गं, आनंदाने बसले असते. पण मला वाळीत टाकलं तरी इनस बार्बराला घेऊन जाणारच. मग घरात माझं कोण ऐकणार? इकडे आड तिकडे विहीर, आणि पोर तर तळ्याकडे चाललीय.

म्हणून हे पत्र. शनिवारी मार्ज बार्बराला तुझ्याकडे आणेल. इनसला वाटतंय ती कापड आणायला चाललीय. बार्बराला वाटतंय, मावशीला पोशाख दाखवायचा आणि संध्याकाळी घरी यायचं. हे पत्र तिच्या टोपीच्या डब्यात कापडाखाली असेल, मार्ज तुला दाखवेल. मला तिला सांगता येत नाही, तू सांग, आणि तिला ठेवून घे. तुला लिहून नियम मी मोडलाच आहे, बसू दे ते पाप माझ्या माथी. शेरीफकडे जायचं की नाही, तेही मी सांगणार नाही. तुला क्षमा करायला कुणी सांगितलेलं नाही. ती रडेल, माझ्यावर चिडेल, चिडू दे. तुझ्यासारखा तिचा बाप्तिस्मा झालेला नाही, तेव्हा ती निघून गेली तरी तिला कुणी वाळीत टाकू शकत नाही. तुला मी माझ्या टेबलावर जेवू घालू शकले नाही. तिला एक दिवस घालू शकेन, त्या आशेवर आहे. नमुन्याचा पोशाख तिच्या अंगावर असेल. पुढच्या टाचण्या सकाळी मी माझ्या हाताने लावीन. पोशाख परत पाठवू नकोस.

तुझीच,
मलिंडा