सोनबाला फक्त गाय आठवते

तीर्थरूप प्रेमलाआत्यांस,
दिग्विजयचा वाकून नमस्कार. (बारशाला हे नाव तुम्हीच ठेवलंत, तेव्हा जबाबदारीही तुमचीच.) गुडघा कसा आहे? तुमच्या मांजरी गावात आता थंडी पडली असेल. आमच्या प्रयोगशाळेत बारा महिने एकच ऋतू, पंख्याचा.

दुपारी मी सशांच्या खोलीत बसतो. ओल्या घासाचा वास येत असतो, सोनबा नावाचा ससा अर्धे डोळे मिटून चघळत असतो आणि वाटतं, जगात कुणालाच कसली घाई नाही. (आमच्या सरांना आहे.) तुम्ही नेहमी विचारता, तू तिथे करतोस काय? तर विषाणूच्या प्रथिनाचा एक चिमुकला तुकडा यंत्रावर बनवायचा आणि सशाला टोचायचा. सशाचं रक्त त्याला ओळखायला शिकतं आणि मग विषाणू कुठे लपलाय ते आपल्याला दाखवतं. पण तुकडा इतका किरकोळ, की एकटा गेला तर ससा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून त्याला गाईच्या रक्तातल्या एका थोरल्या प्रथिनाला बांधून पाठवतात.

तसं पाठवलं. सोनबाच्या रक्ताचा थेंब टाकताच विषाणूच्या नळीत ओळख पटल्याचा असा निळा रंग उतरला, की मी बघतच राहिलो आणि त्याच तंद्रीत पेढे वाटून बसलो. मग विषाणू नसलेल्या नळीतही तोच निळा आला. दोन्ही नळ्यांतल्या पेशी गाईच्या रक्तद्रवावर वाढवलेल्या, म्हणजे गाईचं प्रथिन दोन्हींत आधीपासूनच होतं. सोनबाच्या लक्षात गाय तेवढी राहिली होती, तुकडा नाही.

सर बरंच बोलले, पण मला कोथरूडचं पूर्णिमाचं घर दिसत होतं. (तुम्हाला गाय म्हणत नाही, कृपया पुढे वाचा.) मुलगी पाहायला गेलो मी, बोललात तुम्ही. पोह्यांना मीठ कमी आहे हे सांगितलंत, तिच्या वडिलांना गुडघ्याचा लेप सांगितलात, 'सगळी मुलं कॉम्प्युटरमध्ये जातात, हा हडपसरच्या कंपन्यांत का जात नाही?' याचं उत्तरही तुम्हीच दिलंत. मी तिच्या कानामागे अडकवलेल्या बटेकडे पाहत होतो. आत्या, मला ती फार आवडली हो. काल त्यांचा निरोप आला, "आत्याबाई फारच छान. पुन्हा या म्हणावं." बास, एवढाच.

गुडघ्याला जपा. काकांना नमस्कार.
तुमचाच,
दिग्विजय

ता. क. : त्यांना एक कार्ड टाका. आपल्याबरोबर एक मुलगाही आला होता, तो आठवतो का, एवढंच विचारा. आणि यापुढे मला एकट्याला जाऊ द्या.

आणखी एक ता. क. : कार्ड टाकू नका. आत्ताच प्रयोगशाळेत पूर्णिमाचा फोन आला. तिला मी आठवतो! रविवारी कॉफीला बोलावलंय, एकट्यालाच. आत्या, तुम्ही याल ना?