वाडीचं पहिलं तोरण

आत्याबाई, तुमची सून लिहिते आहे. तुम्ही गेलात तेव्हा माझ्या कडेवर होता तो पोरगा आता लेकरांचा बाप आहे, आणि मी आजी होऊन चष्मा लावून बसले आहे. शाळा माझी दुसरीपर्यंतची, अक्षरं मोठी येतात, कागद लवकर भरतो. पण सांगायचं ते सांगणारच. यंदा आपल्या वाडीत पोळा भरला. मोठ्या गावात नाही, आपल्या वाडीत, आपल्या तोरणाखाली! हे आधी सांगून टाकलं म्हणजे जीव थंड झाला. बाकीचं आता सावकाश.

वाडी कशी वसली ते तुम्हीच मला सांगितलं होतं. मी नवी नवरी होते. पोळ्याला बैलांना घालायची ज्वारी चुलीवर रटरटत होती, आणि मी ती घमेल्यात कशीतरी ओतायला लागले, तर तुम्ही हातातली पळीच ओढून घेतली. "हळू वो! बैल मुका आहे, आंधळा नाही. कशी वाढते ते पाहते तो." मग तिथेच बसून सांगितलंत. मामंजी गेल्यावरच्या पहिल्या पोळ्याला तुम्ही जोडी सजवून मोठ्या गावच्या तोरणाकडे निघालात. रांडमुंड बाईनं तोरणाखाली बैल आणायचे नसतात, म्हणून वेशीतूनच तुम्हाला परत फिरवलं. तुम्ही घरी गेलाच नाहीत. तशाच नाला ओलांडून आपल्या वावरात आलात आणि झोपडी टाकलीत. पुढं त्यातला एक बैल मेला. त्याच सुमारास एक कुंभार आला, त्याच्याकडेही एकच बैल. तुमचा एक, त्याचा एक, अशी सावड झाली. आज तुझं वावर, उद्या माझं. मग ज्याच्या घरी एकच बैल, तो आपला नाला ओलांडून वाडीत यायला लागला. माझी मलकापूरची लेक रेल्वेजवळ राहते, ती म्हणते, आई, तुमची वाडी म्हणजे अर्ध्या जोड्यांचं गाव. म्हणू दे. तिच्या गावात शेजारी कोण आहे ते तिला माहीत नाही.

आता वाडीत शाळा आहे, कडुलिंबाखाली एक खोली. विहिरीला दगडी काठ झाला. नाल्यावर पूल मात्र नाही. सरकार आधी नागपूरचं होतं, मग मुंबईचं, आता महाराष्ट्र झाला, पण पोळ्याला आपले बैल मोठ्या गावाच्या रांगेत शेवटीच. पुढचे बैल मिरवून घरी जेवायला जायचे तरी आपले उन्हात उभेच. यंदा माझ्या नातवाचा बैल तिथं बसला. उभ्या उभ्या थकून बसला, आणि लोक हसले... पाहा, माझं हे असंच होतं. बसला तो मागच्या वर्षी. यंदा मी उन्हाळ्यातच सांगून टाकलं, आपलं तोरण बांधायचं.

तुमचा लेक म्हणाला, "काऊन वो उगीच वाद काढते? पाटलाले काय सांगशीन?"

मी म्हटलं, "पाटलाले काय सांगाचं? तोरण आपलं, बैल आपले, आंब्याचे पानं आपल्या आंब्याचे."

पाटलाचा निरोप घेऊन कोतवाल आलाच. ओट्यावर बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, "माय, तोरण मारुतीपुढं बांधतात. तुमच्या वाडीले मारुती कुठं आहे?"

खरंच नव्हता. "पुढच्या वर्षी पाहू," म्हणत ओट्यावरचा एकेक गडी उठायला लागला. पुढच्या वर्षी म्हणणाऱ्यांनीच आपली इतकी वर्षं खाल्ली. मी नातवाला गाडी जुंपायला लावली आणि नाल्यात उतरले. एक दगड पसंत पडेना, दुसरा पसंत पडेना. कुंभाराचा मुलगा, आता म्हाताराच झाला तो, ओरडला, "बुढे, देव आणतं का घरचा पाटा?" मी म्हटलं, "पाटाही असाच पाहून आणला होता, अजून झिजला नाही." शेवटी एक उभट दगड मिळाला. उंद्रीच्या बाजारातून शेंदूर आणला, तेल घरचं. कडुलिंबाखाली मारुती बसला आणि मला तर तो लगेच मारुतीसारखाच दिसायला लागला.

खरा गोंधळ पुढंच होता. मानाची जोडी कोणाची? सगळ्यांत पुढं कोण? शेवटी उभं राहायची सवय झालेले लोक, पण पुढची जागा दिसल्याबरोबर एकेकाची मान ताठ झाली. कोणी म्हणे माझं घर जुनं, कोणी म्हणे माझे बैल धिप्पाड. एक जण तर म्हणाला, माझा नंबर नसेल तर मी आपला जातो मोठ्या गावात. ऐकून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "जा. तिथं तुही शेवटची जागा राखून ठेवली आहे." मग ठरवलं ते सांगते. पूर्ण जोडी ज्याची आहे त्याला मान नाहीच. मान सावडीच्या जोडीला. दोन घरचे दोन बैल, दोन कासरे, दोन धनी. पुढच्या वर्षी दुसरी दोन घरं. यावर सगळे कबूल झाले, कारण वाडीत अशी जोडी कधी ना कधी सगळ्यांनीच जुंपलेली.

आत्याबाई, काय दिसत होते बैल! एक पांढरा, एक काळा, एक उंच, एक बुटका, शिंगांना हिंगूळ, पाठीवर झुली. तेवढ्यात मोठ्या गावची पोरं नाल्याच्या काठावर आली आणि आपल्याला डिवचायला त्यांनी पोळ्याची झडती गाऊन म्हटली:

"नाल्यापल्याड वाडी, तिथं घरं बारा,
काल बसला देव, आज केवढा तोरा!"

झडतीला झडतीनंच उत्तर द्यायचं असतं. आपले गडी मान खाली घालून उभे. शेवटी उभं राहणाऱ्याला झडती म्हणायची पाळीच कधी आली नव्हती, येणार कुठून? बाया झडती म्हणत नाहीत हे मला माहीत आहे. मी पदर खोचला आणि ओरडले:

"मोठ्या तुमच्या गावाले मोठी मोठी वेस,
मागं उभं राहू राहू पिकले आमचे केस!
हर बोला हर हर महादेव!"

तुमचा लेक घाबरून माझ्याकडे पाहत राहिला. आणि सगळी वाडी "महादेव!" म्हणून ओरडली, नाल्यापलीकडचा कोतवालही हसला, आणि जोडी तोरणाखालून गेली.

पाटील काही हसला नाही. त्यानं वाडीच्या गुरांच्या वाटेवर बोराटीचे काटे टाकलेत. आम्ही गुरं नाल्यातून फिरवून नेतो. लांब पडतं, पण नेतो. पुढच्या वर्षीही तोरण बांधणार, मी असले तरी आणि नसले तरी. तसं सुनेला बजावून ठेवलं आहे.

डाकवाला आता वाडीपर्यंत येतो, पण हा कागद त्याला देणार नाही. डब्यात घालून ठेवते. एक मात्र खरं सांगते. त्या दिवशी मी इतकी आनंदात होते की दिवसभर तुमची आठवण एकदाही आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीपुढचं शेण उचलायला बसले, तेव्हा आली.